घरटी एक स्फोट

ओल्डेवीर गावात तुम्हाला कोण किती मानतं हे बघायचं असेल, तर त्याच्या घरी जाऊन संडासात बसावं लागतं. समोर दाराच्या आतल्या बाजूला वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात तुमचं नाव शाईनं लिहिलेलं असेल, तर तुम्ही त्या घराचे. पेन्सिलीनं असेल, तर अजून विचार चालू आहे. नसेलच, तर उठून गुपचूप हात धुवावेत, कॉफी संपवावी आणि घरी जावं.

ह्या कॅलेंडरात वार नसतात, नुसत्या तारखा असतात. त्यामुळे एकदा टांगलं की ते दहा-पंधरा वर्षं जागचं हलत नाही. माणूस रोज त्याच्यासमोर बसणार आणि बघायला दुसरं काहीच नाही. म्हणून गावात प्रत्येकाला प्रत्येकाची जन्मतारीख पाठ. "अरे, तुझा वाढदिवस विसरलोच!" ही सबब इथे चालत नाही. "म्हणजे वर्षभर गेलाच नाहीस काय?" असं लोक तोंडावर विचारतात.

गावाच्या एकशे अठरा घरांत कॅलेंडर एकच होतं, गावसमितीनं छापलेलं. त्याच्यावर त्यालिंग नावाच्या शेतकऱ्याच्या बारा गाई होत्या, महिन्याला एक. छापून चौदा वर्षं झाली होती. त्या बारांपैकी एकही गाय आता ह्या जगात नव्हती. पण गावातली आख्खी एक पिढी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मोठी झाली होती. मार्चमधली जरा तिरळी होती. तिच्यामुळे कोणाला मार्चमध्ये मोकळं वाटायचं नाही. त्यामुळे समितीच्या अध्यक्ष रिक्स्तबाईंनी "यंदा नवं कॅलेंडर काढू या" असं जाहीर केलं, तेव्हा गावात देशाची घटना बदलत असल्यासारखी कुजबुज सुरू झाली.

आणि वॉबे डोटिंगाच्या छातीत धडधडायला लागलं.

वॉबे हा दुधाचा टँकर चालवणारा माणूस. वय सत्तावन्न, उंची सहा फूट चार इंच, हाताचे पंजे फावड्याएवढे. गेली एकतीस वर्षं तो गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करून डेअरीत नेऊन ओतत होता. ह्या माणसाला फुटणारे तारे काढायचा नाद लागला, आणि तो लागला इस्त्रीच्या खोलीत. मुलगी शिकायला शहरात गेली. जाताना तिनं आपली जुनी चित्रं काढायची पाटी मागे ठेवली, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची, पेनानं लिहायची असते ती. "बाबा, टाकून द्या," म्हणाली. वॉबेच्या घराण्यात कोणी काही टाकून दिलेलं नाही. त्यानं ती कॉम्प्युटरला जोडली, काळा पडदा उघडला आणि त्या भल्यामोठ्या मुठीत ते काडीएवढं पेन धरून एक ठिपका काढला.

त्या ठिपक्याला आता सहा वर्षं झाली होती.

तारा उजळतो कसा, हे वॉबेला स्वतःच सापडलं. नुसता पांढरा ठिपका काढला तर तो पावडरचा डाग दिसतो. त्याच ठिपक्याची एक पुसट निळी प्रत काढून मागे ठेवायची, तिच्यामागे आणखी पुसट, आणखी मोठी, किंचित तांबूस. असे सात थर चढले की मधला ठिपका अचानक डोळ्यात घुसतो. आणि स्फोटासाठी तर त्याच्याकडे जगात कोणाकडे नसलेलं साहित्य होतं. टँकर रिकामा झाल्यावर धुताना काळ्या रबराच्या चटईवर उरलंसुरलं दूध आणि पाणी एकमेकांत मिसळायचं. पांढरे धागे सुटायचे, पिसारे फुटायचे, कडेला विरत जायचे. वॉबे वाकून त्याचे फोटो काढायचा, घरी येऊन ते उलटेपालटे करायचा, निळे-तांबडे रंग द्यायचा, आणि दुधाच्या सांडलवंडीतून एक तारा मरताना दिसायला लागायचा.

"डेअरीत माहीत आहे का, त्यांचं दूध तू आकाशात ओततोयस ते?" त्याची बायको हिस्के इस्त्री करता करता विचारायची.

"सांडलेलं दूध आहे ते, हिस्के."

"बरोबर. आणि माझ्या पिठाचं काय? काल केक करायला काळा ट्रे काढला, तर त्याच्यावर कोणीतरी पीठ भुरभुरून ठेवलेलं."

"ते दूरचे तारे आहेत."

"मग त्या दूरच्या ताऱ्यांनी ट्रे घासून ठेवावा."

पण वॉबेचं दुःख निराळंच होतं. तो चित्रं इंटरनेटवर टाकायचा. तिथे ब्राझीलपासून जपानपर्यंतचे लोक पसंतीचा अंगठा दाखवायचे आणि पुढे सटकायचे. त्यानं एकदा हिशेब केला होता : एका चित्राला त्याचे दोन महिने आणि बघणाऱ्याचे दोन सेकंद. घरी आलेला पाहुणा "छान हं" म्हणेपर्यंत त्याची नजर बिस्किटांच्या डब्याकडे गेलेली असायची. ही सल जुनी होती. वॉबे आठ वर्षांचा असताना त्यानं शाळेत एक चित्र काढलं होतं. माइंते मास्तर बाकांमधून चालत चालत आले, चालता चालताच "बरं" म्हणाले आणि चालत चालतच पुढे गेले. थांबले नाहीत. मास्तर आता एक्क्याऐंशी वर्षांचे होते, निवृत्त होते, गावसमितीत होते, आणि अजूनही कशासमोर थांबत नव्हते.

म्हणून वॉबेला ते कॅलेंडर हवं होतं. इस्त्रीच्या खोलीत त्यानं हिस्केला एकदाच सांगितलं, आणि सांगताना त्याचे कान लाल झाले. "तिथे माणूस बसतो, हिस्के. किमान चार मिनिटं. पळून जाऊ शकत नाही."

हिस्केनं इस्त्री खाली ठेवली. "माझ्या नवऱ्याची महत्त्वाकांक्षा!" ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं ट्रे स्वतःच घासला.

समितीनं तीन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत गाई हव्यात असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत गाई हव्यात, पण नव्या, असं ठरलं. तिसऱ्या बैठकीत वॉबे आपलं चित्र घेऊन गेला. काळ्या आकाशात तीनशे चार तारे आणि डाव्या बाजूला, जरा खाली, एक दणदणीत स्फोट. माइंते मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ताऱ्याला हे चार कान कसले?"

"दुर्बिणीतून तसे किरण दिसतात, मास्तर."

"मी दुर्बिणीतून बघत नाही. मी संडासातून बघणार आहे."

तरीही रिक्स्तबाईंनी तोडगा काढला : आत बारा गाई, वर मुखपृष्ठावर तारे. गावात कोणताच निर्णय असा होत नाही की ज्यात एक बाजू पूर्ण हरली. दोघांनाही थोडं थोडं वाईट वाटलं की ठराव पक्का झाला असं समजतात. वॉबे सायकलवरून घरी आला तो शीळ घालत. एवढ्यावर गप्प बसला असता तर काही झालं नसतं.

पण आला त्यालिंगचा साठावा वाढदिवस. दिवाणखान्यात सगळ्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, येणारा प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतोय, यजमानाचं, त्याच्या बायकोचं, सासूचं, शेजाऱ्याचं, जणू साठ वर्षांचे सगळेच झालेत. कॉफी झाली, गुलाबी साखरेचा केक झाला, मग काढ्यासारखी तपकिरी दारू छोट्या पेल्यांतून फिरली. तिसऱ्या पेल्यानंतर वॉबेला मोह आवरला नाही.

"ते मुखपृष्ठ बघितलंत ना? तारे मोजा. तीनशे चार आहेत. आपण गावात किती? तीनशे चार! एकेका माणसाचा एकेक तारा. आणि जागासुद्धा नकाशाप्रमाणे. चर्च मध्यभागी, कालवा इकडून."

खोलीत सगळे पेले हवेतच थांबले. वॉबेला वाटलं, लोक भारावले आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला पहिली सायकल वॉबेच्या दारात उभी राहिली. मग दुसरी. समितीच्या फलकावर लावलेल्या नमुन्यापाशी भिंग घेऊन माणसं उभी होती. ओल्डेवीरमध्ये जास्त श्रीमंत असलं तरी कोणी दाखवत नाही, जास्त हुशार असलं तर लपवतो, आणि नवी मोटार घेतली तर आधी महिनाभर गोठ्यात उभी करतो, शेण लागेपर्यंत. त्या गावात वॉबेनं लोकांना लहानमोठे तारे वाटले होते.

"माझा शेजाऱ्यापेक्षा मोठा आहे," पोस्टमन कळवळून सांगत होता. "लोक काय म्हणतील? मी मागितला नव्हता रे! बारीक कर."

"आमचा जरा पिवळट आहे. काविळीसारखा," त्यालिंगची बायको म्हणाली. "मी तक्रार करत नाहीये हं. नुसतं सांगतेय."

पण खरा बॉम्ब माइंते मास्तरांनी टाकला. त्यांनी नकाशा चित्रावर ठेवून, पट्टीनं मोजून, रिक्स्तबाईंसमोर जाहीर केलं : "तो स्फोट बरोबर श्युत मावशींच्या घरावर आहे. आणि असा स्फोट म्हणजे तारा मरतानाचा असतो. मी शाळेत शिकवायचो."

श्युत मावशी त्र्याण्णव वर्षांच्या होत्या.

 वॉबेनं तारे नकाशाप्रमाणे मांडले होते, पण स्फोट डाव्या बाजूला ठेवला तो नुसता तिथे चांगला दिसत होता म्हणून. खाली कोणाचं घर आहे हे त्यानं बघितलंच नव्हतं. गाव हळहळलं. "बिचाऱ्या मावशी! दाराच्या आतून रोज स्वतःचं मरण बघायचं!" मावशींना काही बोलू नका, असं प्रत्येक जण प्रत्येकाला सांगत सुटला, आणि हे सांगायला तिघं जण मावशींच्याच घरी जाऊन आली.

समितीचा निरोप आला : सगळे तारे एकाच मापाचे, एकाच रंगाचे करावेत, आणि स्फोट काढून टाकावा. नाहीतर मुखपृष्ठावर तेरावी गाय.

वॉबेनं केलं. तीनशे चार सारखे ठिपके, ओळीत बसल्यासारखे. हिस्के मागून येऊन बघत राहिली.

"खरं सांगू?"

"सांग."

"किसणी दिसतेय."

वॉबेनं पेन खाली ठेवलं. "मग गायच राहू दे," तो म्हणाला. "तिरळी नसली म्हणजे झालं." आणि एवढा मोठा माणूस इस्त्रीच्या टेबलावर कोपर टेकून इतका लहान दिसायला लागला की हिस्केनं कपड्यांची टोपली उगाच इकडची तिकडे केली.

"आधी जाऊन मावशींची माफी माग," ती म्हणाली. "आणि मूळ चित्र घेऊन जा. लोकांनी आपल्यापासून काय दडवलंय ते त्यांना बघू दे."

श्युत मावशींनी कॉफी केली. डबा उघडून एक बिस्किट दिलं, झाकण लावलं आणि चित्र मांडीवर घेतलं. वॉबे चुळबुळत होता. "मावशी, ते मी मुद्दाम नाही केलं. तुमच्या घराचं लक्षातच आलं नाही. काढून टाकलंय आता."

"काय काढून टाकलंयस?"

"स्फोट."

"का?"

"लोक म्हणतात, तो तारा मरतोय."

"अरे, मी त्र्याण्णव वर्षांची आहे. मी काय बाळसं धरतेय असं वाटतंय का लोकांना?" मावशींनी चित्र आणखी जवळ घेतलं. "आयुष्यभर गावात मान खाली घालून राहिले. माझी मोठी बहीण गायची, धाकटी नाचायची, मी भांडी घासायची. असं झगझगीत माझ्या वाट्याला काहीही आलं नाही. आणि तू ते दिलंस, तर ते मास्तर काढून घेणार? त्याला म्हणावं, तुझा नंबर आला की तू विझ गुपचूप. मी फुटणार!"

मग त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि दुसरं बिस्किट पुढे केलं. वॉबेला त्या घरात दुसरं बिस्किट मिळाल्याचं आठवत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला गावाच्या सभागृहात सभा भरली. जूनचा महिना, इथे तेव्हाही बाहेर लख्ख ऊन. पडदे ओढून घ्यावे लागले. श्युत मावशी पहिल्या रांगेत बसून होत्या आणि त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की स्फोट त्यांच्या घरावरच राहील. त्याबरोबर गंमत झाली. इतके दिवस मावशींसाठी हळहळणारी शेजारीण ताडकन उठली.

"असं कसं? तुमच्याच घरावर का म्हणून? आमचं घर काय वाईट आहे?"

"तुम्हीच म्हणालात ना, स्फोट म्हणजे अपशकुन?" रिक्स्तबाईंनी विचारलं.

"अपशकुन असला तरी एकट्या त्यांनाच का?"

अर्ध्या तासात अपशकुनाला सतरा दावेदार झाले. शेवटी रिक्स्तबाई म्हणाल्या, "वॉबे, चित्र मोठ्या पडद्यावर दाखव बघू. नेमकं कुठे आहे ते पाहू."

वॉबेनं कॉम्प्युटर जोडला. आकाश पडद्यावर उघडलं. स्फोट वेगळ्या थरावर होता, म्हणजे बाकीच्या चित्राला न चिकटलेला, काचेच्या तुकड्यावर रंगवल्यासारखा. फावड्याएवढ्या घामेजलेल्या पंज्यानं वॉबेनं कॉम्प्युटरवरची, बोटानं चित्र सरकवायची छोटी चौकोनी पट्टी दाबली आणि बोट घसरलं. आख्खा स्फोट श्युत मावशींच्या घरावरून उठला आणि हळूहळू गावावरून सरकायला लागला.

स्फोट पोस्टमनच्या घरावर आला, तेव्हा पोस्टमन खुर्चीत नकळत ताठ झाला. बेकरीवर आला, तेव्हा बेकरीवाल्यानं केसांवरून हात फिरवला. कालव्याच्या काठानं तो त्यालिंगच्या गोठ्यावर चढला, गोठा निळा-तांबडा होऊन निघाला, आणि त्यालिंगची बायको ओरडली, "थांब! तिथेच! हात लावू नकोस!"

"पुढे घे की, आम्ही कालव्यापलीकडचे काय दत्तक आहोत?" मागून कोणीतरी म्हणालं.

वॉबे बोट उचलायचं विसरला होता. तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो लोकांकडे बघत होता. सव्वाशे माणसं मान वर करून, तोंडं उघडी टाकून, त्याच्या सांडलेल्या दुधाकडे टक लावून बसली होती, आणि कोणाचंही लक्ष बिस्किटांकडे नव्हतं.

रिक्स्तबाईंनी टेबलावर पेन आपटलं. "वॉबे, हे असं सरकवायला किती वेळ लागतो?"

"एका घरासाठी? फिरवून, जरा वळवून, कडा जुळवून... तासभर."

"छापखान्याच्या नव्या यंत्रावर प्रत्येक प्रत वेगळी निघते, माझ्या भाच्यानं लग्नाच्या पत्रिका तशाच काढल्या. तेव्हा ठराव असा : प्रत्येक घराला त्याच्या स्वतःच्या घरावर स्फोट असलेलं मुखपृष्ठ. सगळ्यांना सारखंच. कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही."

ओल्डेवीरच्या इतिहासात ठराव इतक्या लवकर संमत झाला नव्हता. समतेची समता राहिली आणि प्रत्येक जण एकटाच सगळ्यांत मोठाही झाला. फक्त एक हात वर होता, विरोधात.

"आपल्या आख्ख्या आकाशगंगेत शंभर वर्षांत असे दोन-तीन स्फोट होतात," माइंते मास्तर म्हणाले. "एका गावात एकशे अठरा? मला शास्त्रशुद्ध प्रत हवी. स्फोटाविना."

"देतो, मास्तर," वॉबे म्हणाला.

उन्हाळाभर तो कामावरून आला की इस्त्रीच्या खोलीत बसायचा. एका घराला एक तास म्हणाला होता, पण तेवढ्यात भागलं नाही. बेकरीवरचा स्फोट त्यानं जरा कडेला भाजल्यासारखा केला. पोस्टमनचा आकारानं शेजाऱ्याएवढाच ठेवला, केसभरही जास्त नाही. श्युत मावशींच्या स्फोटाला मात्र आठवा थर चढवला आणि हे समितीला कळवलं नाही.

सप्टेंबरात कॅलेंडरं वाटली गेली. गावात लोकांचं एकमेकांकडे जाणं वाढलं, आणि गेल्या गेल्या "जरा जाऊन येतो" म्हणणंही वाढलं. मुखपृष्ठ उलटून आतला महिना लावायला कोणी तयार होईना. गाई झाकल्याच राहिल्या, आणि त्या वर्षी गाव पहिल्यांदाच दोन-चार वाढदिवस चक्क विसरलं. रिक्स्तबाई तर स्वतःचाच.

ऑक्टोबरात वॉबेचा वाढदिवस आला. खुर्च्या गोल मांडल्या, अभिनंदनं झाली, केक फिरला. त्यालिंग संडासात गेला तो अकरा मिनिटं आलाच नाही. दाराशी रांग लागली.

"त्यालिंग, बरा आहेस ना रे?" पोस्टमननं दार ठोठावलं.

"गप रे! बघतोय," आतून आवाज आला. "ह्याच्या घरावरचा आमच्यापेक्षा बारीक आहे!"

वॉबे कोपऱ्यात बसून घड्याळाकडे बघत होता. हिस्केनं त्याला कोपरानं ढोसलं. "आता तरी केक खा."

माइंते मास्तरही जाऊन आले. किती वेळ लागला हे वॉबेला कळलं नाही, कारण नेमका तेव्हाच कोणीतरी त्याच्या सासऱ्याचं अभिनंदन करायला त्याला मध्ये घेतलं होतं. मास्तर येऊन बसले. कॉफी ढवळली.

"त्या कडेच्या तांबड्या रेषा. दूध म्हणालास ना?"

"हो. पाण्यात विरलेलं."

"हं," मास्तर म्हणाले. बस.

सगळे गेल्यावर ते दारात रेंगाळले. टोपी घातली, काढली, परत घातली. "मी तेव्हा म्हणालो होतो, शंभर वर्षांत दोन-तीन. ते बरोबरच आहे. पण त्यातला एखादा माझ्या घरावर होणारच नाही, असं काही शास्त्र म्हणत नाही."

वॉबे इस्त्रीच्या खोलीत गेला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक गुंडाळी काढून आणली. ती जुलैपासून तिथे होती. मास्तरांनी ती न उघडता कोटाच्या आत घातली, "बरं" म्हणाले, सायकलवर बसले आणि निघाले.

वॉबे खिडकीशी उभा राहिला. बाहेर बारीक झिमझिम होती. मास्तर चर्चच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथे, छज्ज्याखाली, सायकल टेकवून थांबले. इकडेतिकडे बघितलं. कोटातून गुंडाळी काढली, उघडली, दोन्ही हातांनी समोर धरली.

"अहो डोटिंगासाहेब, कपबशा उचलायला येणार आहात का?" हिस्केनं आतून हाक मारली. "काय बघतोयस एवढं?"

"थांब जरा," वॉबे घड्याळावरची नजर न हलवता म्हणाला. "तिसरं मिनिट चालू आहे."